जुनं बाहुलीघर कमी खर्चात पुन्हा कसं उभं करायचं

जुनं बाहुलीघर पाहताना नजर आधी जाते ती उडालेल्या कौलांवर, निखळलेल्या दारावर आणि कुणीतरी स्केचपेनने गिरगटलेल्या भिंतींवर. दिसायला हे सगळं भयंकर असतं, पण पुठ्ठा, गम आणि थोडा रंग एवढ्यात निस्तरतं. खिसा रिकामा होतो तो आतल्या सामानापायी. घर कवडीमोलाने मिळतं आणि मग एक चिमुकला सोफा, एक पलंग, चार खुर्च्या घेता घेता घराच्या कित्येक पट रक्कम कधी गेली ते कळत नाही. हे दुखणं जुनं आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन यांनी आपल्या बाहुलीघरावर एवढा खर्च केला की तेवढ्यात कालव्याकाठचं खरं घर आलं असतं. ते बाहुलीघर आज राइक्सम्युझियममध्ये आहे आणि अप्रतिम आहे, पण आपल्याला तो रस्ता धरायचा नाही.

म्हणून पुढे काम ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने सगळं सांगितलं आहे. क्रम चुकला की पैसे दोनदा जातात: भिंतीला कागद लावून झाल्यावर दिव्याची वायर आठवते आणि कागद फाडावा लागतो.

आधी माप

बाहुलीघरांमध्ये सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण १:१२. खऱ्या घरात बारा सेंटिमीटरची असलेली वस्तू इथे एक सेंटिमीटरची. फूट-इंचात विचार करणाऱ्यांना आणखी सोपं, एका फुटाला एक इंच. एडविन लट्यन्स यांनी आराखडा केलेलं, १९२१ ते १९२४ या काळात बांधलेलं आणि आता विंडसर कॅसलमध्ये असलेलं क्वीन मेरीचं बाहुलीघर याच प्रमाणातलं आहे. याशिवाय निम्म्या आकाराचं १:२४, स्वीडनच्या लुंडबी घरांचं १:१८ आणि बार्बीच्या उंचीला साजेसं साधारण १:६ ही प्रमाणं नेहमी भेटतात.

तुमचं घर कुठल्या प्रमाणात आहे हे विकणाऱ्याला बहुधा माहीत नसतं. दाराची उंची मोजा. खरं दार दोन मीटरच्या आसपास असतं, त्यामुळे बाहुलीघराचं दार १७ सेंटिमीटरचं असेल तर प्रमाण १:१२, ११ चं असेल तर १:१८, आणि आठ-साडेआठचं असेल तर १:२४. पण खेळण्यातली घरं अशा हिशोबाला नेहमी जागत नाहीत. दार एका मापाचं, जिना दुसऱ्या आणि खिडक्या तिसऱ्याच, असंही दिसतं. मग खोलीची उंची बघा. १:१२ मध्ये ती साधारण २० ते २५ सेंटिमीटर असते. घरात राहायला येणारी बाहुली आधीच ठरलेली असेल तर प्रश्नच मिटला, तिच्या उंचीवरून प्रमाण धरायचं. १:१२ मध्ये मोठ्या माणसाची बाहुली चौदा सेंटिमीटरच्या आसपास भरते.

प्रमाण ठरलं की ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि खरेदीला जाताना पट्टीसोबत तो कागद न्या. त्याच कागदावर ही काही मापं १:१२ साठी टिपून ठेवा: खुर्चीची बैठक जमिनीपासून पावणेचार सेंटिमीटर, जेवणाचं टेबल सव्वासहा, ओटा साडेसात, एकेरी पलंग सोळा बाय आठ, जिन्याची एक पायरी दीड सेंटिमीटर उंच. १:२४ असेल तर सगळं निम्मं.

सगळंच सामान काटेकोर मापाचं लागतं असं मात्र नाही, आणि इथेच पैसे वाचतात. ज्या वस्तूंना माणसाचं शरीर चिकटतं त्या मापात हव्यात: खुर्ची, पलंग, पायरी, दार, ताट, कप, पुस्तक. फुलदाणी, तसबीर, दिवा, कुंडी, आरसा, गालिचा या वस्तू खऱ्या जगातही लहानमोठ्या सगळ्या आकारात मिळतात, त्यामुळे दुसऱ्या प्रमाणातली स्वस्त फुलदाणी तुमच्या घरात बिनबोभाट खपून जाते. १:१८ ची खुर्ची मात्र १:१२ च्या टेबलाला लावली की ती लहान मुलाची खुर्ची होते. तशीच हवी असेल तर उत्तम.

घेताना काय बघायचं

घर हातात घ्या आणि हळूच दोन्ही बाजूंनी दाबा. डुगडुगत असेल तर घाबरू नका. सांधे सुटलेत एवढाच त्याचा अर्थ. सुटलेलं घर पुन्हा चिकटवायला सोपं असतं. वाकडं राहून घट्ट झालेलं घर त्याहून जास्त त्रास देतं.

प्लायवूडचं घर दुरुस्तीला सर्वात सोयीचं. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं, असेल तर तळाच्या कडा बघा. त्याने पाणी प्यायलं असेल तर कडा पावासारख्या फुगलेल्या दिसतील आणि त्या पुन्हा पूर्वीसारख्या होत नाहीत. तासून काढाव्या लागतात नाहीतर तो भाग कापून नवा बसवावा लागतो. फुगवटा तळाशी बोटभर असेल तर चालेल, भिंतभर असेल तर सोडून द्या. पत्र्यावर चित्रं छापलेली घरं, जशी अमेरिकेत मार्क्स कंपनी बनवत असे, त्यांना पॉलिश पेपर लावू नये, कारण छपाई हेच त्यांचं सौंदर्य. वाकलेल्या पट्ट्या सरळ करणं, गंज हलक्या हाताने पुसणं आणि मेणाचा पातळ हात फिरवणं पुरे.

लाकडावर एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि त्यांच्याखाली ताजी, फिकट भुकटी दिसली तर आत लाकूड पोखरणारे किडे जिवंत असण्याची शक्यता धरावी. असं घर घेतलंच, तर मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून घरच्या फर्निचरपासून लांब ठेवा. सुटे भाग पिशवीत घालून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवले तर किडे मरतात. अख्खं घर फ्रीझरमध्ये मावत नाही, तिथे लाकडासाठीचं कीडनाशक सुईने भोकांत सोडावं लागतं, आणि मग ते घर मुलांच्या हाती देऊ नये.

जुन्या रंगाबद्दल काटेकोर राहा. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आणली. अनेक देशांत ती त्याहून बऱ्याच उशिरा आली. घर बंदीआधीच्या काळातलं वाटत असेल आणि रंगाचे पोपडे निघत असतील तर कोरडं घासू नका, कारण शिशाची धूळ नाकातोंडात जाते. शिसं तपासायचे संच मिळतात, ते वापरा. शिसं निघालं तर घर मोठ्यांच्या शोकेससाठी ठेवा. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला असं घर द्यायचं नाही, वरून कितीही नवे हात दिले तरी.

आणखी एक. तळाला किंवा मागच्या बाजूला एखादा शिक्का, चिकटवलेली पट्टी, कंपनीचं नाव दिसतं का ते नीट पाहा. इंग्लंडच्या लाइन्स ब्रदर्सचं ट्राय-अँग किंवा अमेरिकेच्या ब्लिस कंपनीचं, लाकडावर छापील कागद चिकटवलेलं घर हाती लागलं असेल तर ब्रश खाली ठेवा. अशा घरांचा मूळ कागद आणि मूळ रंग हीच त्यांची किंमत असते. फक्त कोरडी साफसफाई करून जाणत्या माणसाला दाखवा. नाव-गाव काही नसलेलं, कुणीतरी संच आणून घरी जोडलेलं घर शिकायला सगळ्यात चांगलं. त्याचं काही बिघडवलं असं कुणी म्हणणार नाही.

साफसफाई आणि मोकळं करणं

पहिल्या दिवशी काहीच फेकू नका. तुटलेला कठडा, अर्धं तावदान, कौलाचा तुकडा, सगळं एका डब्यात. या तुकड्यांवरून नव्या भागांचे साचे काढता येतात. सगळ्या बाजूंनी, आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा; कुठली पट्टी कुठे होती हे दोन आठवड्यांनी आठवत नाही.

धूळ आधी कोरडीच काढायची. व्हॅक्युम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला जुना पातळ मोजा बांधा, म्हणजे सुटलेली मूठ किंवा खिळा आत ओढला जाणार नाही. कोपऱ्यांना जुना टूथब्रश. नंतर घट्ट पिळलेलं फडकं, साबणाचे एक-दोन थेंब. भिजवायचं कुठेच नाही. बुरशीचे डाग दिसले तर घर हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या आणि मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मास्क लावून. कोंदट वास असेल तर मोठ्या खोक्यात घर ठेवून सोबत खाण्याच्या सोड्याच्या उघड्या वाट्या ठेवाव्यात. आठवडाभरात बराच फरक पडतो. सिगारेटचा वास त्याने जात नाही, त्यावर शेलॅकच्या (लाखेच्या) प्रायमरचा हात द्यावा लागतो.

जुना कागद काढायला कोमट पाण्याने ओलसर केलेलं फडकं त्यावर पाचदहा मिनिटं ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद उचला. चिकट पाठीचा प्लॅस्टिक कागद असेल तर पाणी निरुपयोगी. हेअर ड्रायरची ऊब द्या, सोलून निघतो. ग्लू गनचा जुना गम सांध्यांतून पिवळट दोऱ्यांसारखा बाहेर आलेला असतो. त्याच्या कडेला अल्कोहोलचे थेंब सोडले की तो लाकडाची पकड सोडतो आणि अख्खा निघतो. पांढरा गम कोमट पाण्याने किंवा व्हिनेगरने मऊ पडतो. जे सहज निघतं तेवढंच काढा. घट्ट असलेला सांधा पाचरीने उचकटण्यात शहाणपण नाही.

सांगाडा सरळ करणं

प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे तर खोली काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या बाजूने दाबून सरळ करायची आणि त्याच अवस्थेत चिकटवायची. गुण्या नसला तरी चालेल, कोपऱ्यात जाड पुठ्ठ्याची पुस्तकं किंवा भरलेली खोकी उभी करून काटकोन धरता येतो.

चिकटवण्याआधी गमाशिवाय सगळं एकदा जोडून पाहायचं. ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच लोक ती गाळतात. मग लाकडाचा पांढरा गम, पातळ आणि सलग. सांधे मास्किंग टेपने ओढून धरा, भिंतींभोवती रुंद रबर गुंडाळा, मजल्यावर पुस्तकांचं वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. ग्लू गन इथे नको. तिचा गम वर्षानुवर्षांनी ठिसूळ होतो. तुम्ही आत्ता जे सोलून काढलंत ते त्याचंच उदाहरण. झटपट चिकटणारा सुपरग्लू फक्त धातू आणि प्लॅस्टिकच्या बारीक कामाला.

पातळ फळी वाकली असेल तर तिच्या खोलगट बाजूला ओलसर फडकं फिरवा, ती बाजू खाली ठेवून वर सपाट वजन ठेवा आणि हळूहळू वाळू द्या. ओल मिळालेली बाजू फुगते आणि फळी सरळ होते. फटी भरायला लाकडाची पुट्टी आहेच, पण घासलेल्या लाकडाचा भुसा आणि गम कालवून केलेली पुट्टी फुकटात होते आणि रंगही मिळताजुळता येतो.

तुटलेल्या दाराला नवी इवलीशी बिजागरी विकत घेण्याची गरज नाही. सुती पट्टी दाराच्या आणि चौकटीच्या मागे चिकटवली की दार उघडझाप करतं, आणि पट्टी रंगात लपते. तावदानांना वस्तूंच्या वेष्टनातलं पारदर्शक कडक प्लॅस्टिक वापरा, त्यावर तीन मिलिमीटरच्या कागदी पट्ट्यांनी गज काढा. पण ती रंगकामानंतरच बसवा.

दिवे हवेत का, हे आत्ता ठरवा

जुन्या घरात आधीपासून वायरिंग असेल आणि ती थेट भिंतीतल्या प्लगला जाणारी असेल तर कापून टाका. वापरून बघण्याच्या फंदात पडू नका. बाहुलीघरांसाठीच्या १२ व्होल्टच्या तांब्याच्या पट्ट्या आणि ट्रान्सफॉर्मर हे काम सुंदर होतं, पण पहिल्याच घराला तो खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरीवरची एलईडीची माळ घ्या, पिवळसर उजेडाची. निळसर पांढऱ्या उजेडात बैठकीची खोली दवाखान्यासारखी दिसते. प्रत्येक खोलीच्या छताला मागच्या कोपऱ्यात एक बारीक भोक पाडायचं, दिवा आत आणि वायर घराच्या पाठीमागे टेपने चिकटवलेली. बॅटरीची डबी मागे, हाताला येईल अशी. घरात लहान मूल असेल तर डबीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका काही तासांत भाजते. हा धोका खेळण्यातला नाही.

भिंती, जमीन, छप्पर

इथून पुढे एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली तर निम्मी कारागिरी आपोआप जमते. छोट्या घराचं सोंग उघडं पाडतात तीन गोष्टी: जाडी, चकाकी आणि नक्षीचा आकार. १:१२ मध्ये तीन मिलिमीटरची फळी म्हणजे खऱ्या घरातली छत्तीस मिलिमीटरची, त्यामुळे ती कपाटाला चालेल पण तसबिरीच्या चौकटीला बोजड दिसेल. तेलकट, चमकणारा रंग लहान वस्तूवर लगेच प्लॅस्टिकचा वाटतो. भिंतीच्या कागदावरचं अडीच सेंटिमीटरचं फूल म्हणजे भिंतीवर फूटभराचं फूल! शंका आली की फोन जमिनीलगत, बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढा. वरून पाहताना न दिसलेलं सगळं त्या फोटोत दिसतं.

रंगाआधी घासणं: १२० नंबरचा पॉलिश पेपर फक्त खडबडीत जागी, बाकी २२०, शेवटी ३२०. मग प्रायमर. एमडीएफच्या कडा रंग पीत राहतात, म्हणून त्यांना आधी पाणी घातलेल्या पांढऱ्या गमाचा एक हात देऊन वाळल्यावर घासा. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या मॅट ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात द्यायचा मोह आवरा. जाड रंग खिडकीच्या कंगोऱ्यांत साचतो आणि पुन्हा जाडीचा प्रश्न उभा राहतो. खऱ्या घराच्या रंगकामातून उरलेला तळाचा रंग एका खोलीला सहज पुरतो.

आत क्रम असा: छत, भिंती, जमीन आणि सर्वात शेवटी भिंतीच्या पायाची पट्टी. ती पट्टी कागदाची वाकडी कड आणि जमिनीची अपुरी कड दोन्ही झाकते, म्हणून ती आधी लावून उपयोग नाही.

भिंतीचा कागद थेट भिंतीला चिकटवू नका. प्रत्येक भिंतीचा साचा पातळ पुठ्ठ्यावर कापा, दारं-खिडक्या काढून घ्या, त्या साच्यावर कागद चिकटवा आणि तो साचा दुहेरी टेपच्या चार तुकड्यांनी भिंतीला लावा. कंटाळा आला तर काढता येतो, मूळ भिंतीला धक्का लागत नाही. कागद म्हणून बारीक नक्षीचं वेष्टन, जुन्या लिफाफ्यांच्या आतली बारीक छपाई, वहीचं कव्हर, काहीही चालतं. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या नक्षीची शाई ओल्या गमाने पसरते. आधी पारदर्शक स्प्रे मारा किंवा लेझर प्रिंट काढा. गम कमी आणि सगळीकडे सारखा लावा, कारण ओला कागद ताणतो आणि वाळताना सुरकुततो.

लाकडी जमिनीसाठी कॉफी ढवळायच्या काड्या सर्वात छान. आइस्क्रीमच्या काड्या साधारण एक सेंटिमीटर रुंद, म्हणजे बारा सेंटिमीटरच्या फळ्या होतात, त्याही खपतात. गोल टोकं कापून टाका. रंग द्यायचा तर चिकटवण्याआधी द्या. गम लागलेल्या जागी लाकूड रंग पीत नाही आणि फिके डाग राहतात. कडक चहाच्या पाण्यात काड्या रात्रभर ठेवल्या की तपकिरी होतात; व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवलेल्या लोखंडी तारेच्या घासणीचं पाणी लावलं तर जुन्या, करड्या लाकडाची छटा येते. प्रत्येक काडीच्या कडेवर पेन्सिल फिरवा, म्हणजे फळ्यांमधली फट दिसते. काड्याही जमिनीवर नाही, कागदाच्या साच्यावर चिकटवायच्या, सांधे एका रेषेत येऊ न देता. वर वजन ठेवून वाळवा आणि रेषांच्या दिशेनेच घासा.

छपरासाठी खोक्यांचा पातळ पुठ्ठा. दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या, एका बाजूने अर्ध्यापर्यंत कात्रीने कापून कौलांसारखे दात काढलेल्या. खालच्या कडेपासून वर जायचं, वरची ओळ खालच्या ओळीवर चढलेली आणि अर्ध्या कौलाने सरकलेली. रंग एकच न ठेवता एकाच रंगाच्या तीन छटा ओल्या असतानाच मिसळत लावा. दगडी जोत्यासाठी अंड्यांच्या कागदी ट्रेचे तुकडे फाडून चिकटवले की त्यांचा खडबडीतपणा रंगाखाली अगदी दगडासारखा दिसतो.

सामान: काय घ्यायचं, काय करायचं

साधा नियम. जे हाताने नीट होत नाही तेच विकत घ्यायचं: नळ, कमोड, बेसिन, कातीव पायांचं टेबल, काचेची भांडी. बाकी सगळं करून पाहायचं, विशेषतः कापडाचं, कागदाचं आणि सरळ फळ्यांचं. सुटं सामान घेण्यापेक्षा कुणाच्या तरी जुन्या बाहुलीघराचा अख्खा ढीग एकदम मिळाला तर एका वस्तूला फार कमी पडतं, आणि त्यातल्या तुटक्या चार खुर्च्यांतून दोन चांगल्या निघतात. भडक प्लॅस्टिकचं सामानही टाकू नका. प्रायमर आणि मॅट रंग लावला की त्याचा बाजारूपणा जातो.

सुरुवात पलंगापासून करा. त्यात सगळ्या युक्त्या एकदम शिकून होतात. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घ्या, सोळा बाय आठचा तुकडा कापा. धारदार कटर, लोखंडी पट्टी, आणि एका दमात न कापता चार-पाच हलके फेर. कड स्वच्छ येते. उशाशी आठ बाय आठचा, पायथ्याशी चार बाय आठचा तुकडा उभा लावा. बैठकीचा पुठ्ठा जमिनीपासून दोन-अडीच सेंटिमीटरवर ठेवायला खाली काड्यांचे आडवे आधार. बाहेरून आइस्क्रीमच्या काड्यांच्या पातळ चिरफळ्या चिकटवल्या की पुठ्ठ्याचा पलंग लाकडी होतो. गादीसाठी एक सेंटिमीटरचा फोम, कडा कात्रीने किंचित गोल केलेल्या, वर जुन्या रुमालाचं मऊ झालेलं कापड. शिवायचं नाही; टाके या मापात दोरखंडासारखे दिसतात, म्हणून कड आत दुमडून गमाने चिकटवायची.

चादर-पांघरुणाची खरी अडचण ही की छोटं कापड लोंबत नाही, फुलून उभं राहतं. दोन कापडांच्या मधे स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल घालून चिकटवा, मग पांघरूण जसं वाकवाल तसं पडतं आणि पलंगाच्या कडेवरून अगदी नैसर्गिक उतरतं. उशीत कापूस भरला की ती फुगा होते. बारीक, कोरडी वाळू अर्धीच भरा; मधे खड्डा पडतो, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा. पडद्यांसाठी कापड पाणी घातलेल्या गमात बुडवून पिळायचं, मऊ फळीवर टाचण्यांनी चुण्या घालून वाळवायचं. वाळल्यावर चुण्या कायम राहतात.

पलंग जमला की पुस्तकांचं कपाट हा पुढचा धडा: तोच पुठ्ठा, पण फडताळं एक मिलिमीटरची. पुस्तकांच्या दोन-तीनच प्रती खऱ्या पानांच्या करा. बाकी पुठ्ठ्याच्या पट्टीला रंगीत कागद गुंडाळून नुसते कणे, कारण कपाटातल्या पुस्तकाचं कुणाला पान उलटायचं नसतं. काडेपेट्या एकावर एक चिकटवून खणांचं टेबल होतं आणि खण खरोखर उघडतात, मुठीला मणी. उरलेल्या किरकोळ वस्तूंसाठी एक डबा ठेवून द्या: बाटल्यांची झाकणं (परात, स्टुलाची बैठक), तुटलेल्या कानातल्यांचे भाग (दिवे, मुठी), बटणं, टूथपिक, गोळ्यांच्या पाकिटाचा चकचकीत भाग (आरसा), जुन्या घड्याळाची चकती. हा डबा भरायला काही महिने लागतात आणि काहीही खर्च येत नाही.

सामान चिकटवून टाकू नका. मेणाचा किंवा पोस्टर लावायच्या मऊ गमाचा इवलासा गोळा खाली ठेवला की कप टेबलावर टिकतो आणि हवा तेव्हा निघतो. घर खेळायचं असेल तर उलट करा: वस्तू कमी, मोठ्या आणि मजबूत. तीन वर्षांखालच्या मुलासाठी टॉयलेट पेपरच्या आतल्या नळीतून जाणारी कुठलीही वस्तू घरात नको.

खर्च आटोक्यात कसा राहतो

चांगली पाती, चांगला गम, प्रायमर आणि बारीक ब्रश, एवढ्यावर मोकळ्या मनाने खर्च करा. बाहुलीकामासाठी म्हणून विकली जाणारी छोटी हत्यारं बहुतेक वेळा नेहमीच्याच हत्यारांचं महाग रूप असतं. नखांची कानस, टाचणी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे तेच काम करतात.

आणि एका वेळी एकच खोली. सगळ्या खोल्यांना थोडं थोडं करत गेलात तर सहा अर्धवट खोल्या आणि प्रत्येकीसाठी घेतलेलं अर्धवट सामान हाती राहतं. सर्वात लहान खोली निवडा, ती जमिनीपासून पडद्यापर्यंत पूर्ण करा. तिच्यात काय जमलं, काय नाही, आणि मुळात तुम्हाला हे काम आवडतं का, हे कळल्याशिवाय दुसऱ्या खोलीसाठी काहीही विकत घेऊ नका. सहसा दुसऱ्या खोलीला पहिलीच्या निम्मा खर्च येतो, कारण रंग, कागद आणि काड्या उरलेल्या असतात.

तयार झालेलं घर थेट उन्हात ठेवू नका. छापील कागद आणि कापड यांचा रंग सर्वात आधी उडतो. उघड्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव मापाने कापून टेकवून ठेवला तरी धूळ बरीच कमी बसते. जी बसेल ती मेकअपच्या मऊ ब्रशने, वरच्या मजल्यापासून खाली.